उंबरा आणि पन्हळ

गाडी घेतली त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा पुण्याहून आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आले होते. त्या दिवशी ऊन पडलं होतं. म्हणजे स्वेटरवर कोट चढवून अंगणात बसता येत होतं. मी मोठ्या ऐटीत दोन खिट्ट्या काढून टप मागे टाकला आणि गाडी कशी दिसते म्हणून त्यांच्याकडे बघत राहिलो. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटच्या मागे जिथे टपाची घडी बसते तिथल्या खाचेत वाकून पाहिलं आणि विचारलं, "अरे, इथलं पाणी जातं कुठे?"

"जात असेल कुठेतरी," म्हणून मी वेळ मारून नेली. बाबांचं लहानपण संगमेश्वराजवळच्या कौलारू घरात गेलेलं. मे महिन्यात घर शाकारायचं, फुटके नळे बदलायचे, पन्हळीतला पाचोळा काढायचा, हे तिथे कोणी कोणाला सांगावं लागत नसे. छप्पर दिसलं की आधी पाणी कुठून उतरतं ते बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. मी इंजिनिअर. मला अश्वशक्ती विचारली असती तर तोंडपाठ होती.

ऑक्टोबरात गाडीत वास यायला लागला, ओल्या गोणपाटाचा. पायाखालचा गालिचा दाबला की बोटांमधून पाणी यायचं. एका गॅरेजने दारांची रबरं बदलली, बिल दिलं, वास तसाच. शेवटी एका रविवारी मीच सीटमागचा गालिचा उचलला आणि बाबांनी वाकून पाहिलेल्या त्या खाचेच्या कोपऱ्यात बोट घातलं. काळा, मऊ चिखल हाताला लागला. दोन-तीन पानगळींचा कुजलेला पाचोळा होता तो. तो उकरून काढला, तसं आत तुंबलेलं पाणी गुडगुडत खाली गेलं आणि मागच्या चाकाच्या पुढे डांबरावर त्याचं थारोळं झालं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला सहा महिन्यांनी मिळालं. या पुस्तकाची पहिली नोंद त्याच संध्याकाळची आहे.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १९८९ ते १९९७ या काळात हिरोशिमात तयार झालेली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझी गाडी युनोस. जपानातही स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे तिथल्या वापरलेल्या गाड्या इंग्लंडात पुष्कळ आल्या, त्यांतलीच एक. भारतात माझदाने ही गाडी कधी विकली नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ती दिसलीच तर सिनेमात किंवा परदेशातल्या भाच्याच्या फोटोत दिसली असेल.

तिची जन्मकथा गमतीची आहे. साध्या, हलक्या, दोन माणसांच्या उघड्या गाड्या ही एकेकाळी इंग्रजांची मिरासदारी होती. १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं की तशी गाडी आता तुम्ही बनवा. पुढच्याच वर्षी इंग्लंडातला, अशाच गाड्या बनवणारा ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद पडला. माझदाची चालणारी पहिली नमुना-गाडी तयार झाली ती मात्र इंग्लंडातच, वर्दिंग गावातल्या एका कंपनीत. आणि १९८५ साली ती चालवून पाहिली कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या रस्त्यांवर. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात गाडी जगापुढे आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन साधारण साडेनऊशे किलो. आकडे म्हणून यात छाती फुगवण्यासारखं काही नाही. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी आकड्यांऐवजी एक जुनं जपानी वचन समोर ठेवलं होतं, घोडा आणि स्वार एक व्हावेत अशा अर्थाचं. मराठीत त्याला लांबलचक भाषांतर नको, 'मांड' हा एक शब्द पुरतो. या गाडीत बसल्यावर मांड बसते. मग ती सोडवत नाही, आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत माणूस तिच्याखाली घुसून बोल्ट काढत राहतो.

आता मुद्द्याचं. एक काडेपेटी घ्या. बंद पेटी दोन्ही हातांत धरून पिळायचा प्रयत्न करा; ती सहजी पिळली जात नाही. आता आतला खण बाहेर काढा आणि नुसता खण पिळा. तो चटकन मुरडतो. नेहमीची मोटार ही बंद पेटी असते. तिचं छप्पर डोक्यावर पाऊस पडू नये म्हणून असतं हे खरं, पण त्याहून मोठं काम ते न बोलता करत असतं: गाडीचे चारही कोपरे एकमेकांना धरून ठेवण्याचं. ते छप्पर काढून टाकलं की दोन गोष्टी होतात. पाणी आत येतं आणि पत्रा मुरडायला लागतो. जुन्या उघड्या गाडीची बहुतेक दुखणी या दोनांपैकी एकाच्या पोटी जन्मतात. देखभाल म्हणजे बऱ्याच अंशी पाण्याशी भांडण आणि फेरफार म्हणजे बऱ्याच अंशी पिळाशी भांडण. हे मला उमगायला सहा वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हा खटाटोप.

पाण्याची वाट आधी समजून घ्या, कारण ती कुठल्याही कोपऱ्यातून दिसत नाही. टपाच्या कापडावरून ओघळलेलं पाणी मागच्या काठाशी आत दडलेल्या प्लास्टिकच्या एका लांब पट्टीत उतरतं. ही टपाची पन्हळ. तिथून ते दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबांमागे असलेल्या दोन भोकांकडे जातं, नळीतून खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या थोडं पुढे गाडीच्या पोटाखाली पडतं. नळीच्या टोकाशी रबराची झडप असते, धूळ-चिखल वर चढू नये म्हणून. तीच झडप वरून आलेला पाचोळाही अडवते. शत्रूला रोखायला ठेवलेला दरवानच घरच्यांना कोंडतो, तसला प्रकार. तीस वर्षांत ती पन्हळही आकसते, तडकते. मग पाणी भोकाकडे न जाता वाटेतच सांडतं.

भोक साफ करायला तार घालू नका. तारेने नळी फाटते, आणि मग साफ झालेल्या नळीतून पाणी नेमकं नको तिथे जातं. गवत कापायच्या यंत्रात असते ती जाड प्लास्टिकची दोरी उत्तम. टप खाली करण्याआधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट पाडायची, हे विसरू नका. आळस केला की खिडकीला घडी पडते, थंडीत ती घडी चिरते, आणि एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही पॅकिंगच्या पट्ट्या चिकटवलेली खिडकी घेऊन हिंडता. मी हिंडलो आहे.

तुंबलेलं पाणी कुठे जातं? उंबऱ्यात. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पत्र्याची पोकळ पेटी असते तिला इंग्रजीत सिल म्हणतात; मी या पुस्तकात तिला उंबराच म्हटलं आहे. छपरी गाडीत तिचं महत्त्व तुलनेने कमी. उघड्या गाडीत छपराने टाकलेला भार तीच उचलते. आणि या गाडीत पाणी नेमकं तिच्याच मागच्या टोकाशी मुरतं. बाहेरून चाकाने उडवलेला चिखल आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर पसरलेलं मीठ, आतून तुंबलेलं पाणी. गंज आतून बाहेर येतो. रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आतल्या पत्र्याची चाळण झालेली असते. इंग्लंडात दरवर्षी गाडीची सरकारी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. या पिढीच्या गाड्या तिथे नापास होतात त्या बहुधा या एका ठिकाणी.

विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. माझ्या गाडीचा उंबरा घेताना आरशासारखा गुळगुळीत होता. दोन वर्षांनी एका जाणत्या मित्राने फ्रिजवर लावायचं पातळ लोहचुंबक तिथे टेकवलं, आणि ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पत्रा नव्हताच, लांबी भरून वर रंग मारला होता. आपल्याकडे जुनं लाकडी दार विकताना भरतात तशी, बोटभर जाड लांबी. तेव्हापासून गाडी बघायला जाताना माझ्या खिशात चुंबक असतं, आणि तुमच्याही असावं. कापून काढल्यावर आत पत्र्याचे तीन थर सापडले, आणि तिन्हींची अवस्था सारखी. नुसता बाहेरचा थर बदलून देतो म्हणणारे स्वस्तात काम करतात. किडक्या दातावर टोपी बसवण्यासारखं आहे ते; दोन हिवाळ्यांत परत तिथेच याल. या प्रकरणावर मी पुस्तकाची चाळीस पानं घालवली आहेत आणि त्याबद्दल मला जराही संकोच नाही.

दुसरं भांडण पिळाशी. खड्ड्यातून गेलात की समोरची काच आणि डॅशबोर्ड हलके थरथरतात. एक चाक फुटपाथवर चढवून उभी केलेली गाडी दार लावताना किंचित अडते. हे दोष नाहीत. नुसत्या खणाने तसं वागणं साहजिक आहे. १९९३ साली १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा माझदाने गाडीच्या पोटाखाली जादा आधार दिले आणि सीटमागे, दोन्ही बेल्टच्या खांबांना जोडणारा एक आडवा दांडा टाकला. म्हणजे या गाडीत पहिला फेरफार खुद्द कारखान्याने केला, आणि तोही छपराची उणीव भरून काढायला. म्हणूनच 'जशी आली तशीच ठेवा' असं बजावणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही.

पण फेरफाराचा क्रम असतो आणि तो जवळजवळ सगळे जण उलटा धरतात. आधी टर्बो, मग मोठी चाकं, मग गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि सरतेशेवटी कधीतरी टायर. अहो, तीस वर्षं जुन्या सस्पेन्शनचे रबरी बुश भाकरीसारखे वाळलेले असतात. शॉकअबसॉर्बर नुसते नावाला उरलेले. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेलं असतं, ते वाचा. नक्षी शाबूत असलेले पण पंधरा वर्षांचे टायर मी विकाऊ गाड्यांवर पाहिले आहेत. हे तिन्ही नवे केले आणि चाकांचे कोन नीट लावले, की पुष्कळांची फेरफाराची भूक तिथेच भागते. त्यांना हवी असलेली गाडी त्यांच्याच अंगणात, वाळल्या रबराखाली झाकलेली होती.

कोन लावणं मी एका दमात लिहून गेलो, पण ते तसं होत नाही. खालच्या आर्मच्या ज्या बोल्टांनी कोन फिरवायचे, ते बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावला की बोल्टचं डोकं फिरतं, बोल्ट नाही. तेल घाला, तापवा, ठोका, शिव्या द्या. चारही कोपऱ्यांत मिळून असे आठ. माझे पाच निघाले, तीन करवतीने कापले. कापताना घालायच्या चष्म्याबद्दल आत सविस्तर लिहिलं आहे, ते गंमत म्हणून वाचू नका.

त्यानंतर आधार: पोटाखालच्या लांब पट्ट्या मजबूत करणाऱ्या पन्हळीसारख्या पट्ट्या, पुढच्या-मागच्या जोडपट्ट्या, आणि सीटमागचा रोल-बार. रोल-बारचं काम गाडी उलटली तर जीव वाचवण्याचं. ताठपणाचा फायदा हा वरकड. त्यावर मऊ आवरण चढवलेलं हवं आणि डोकं त्यापासून लांब हवं, नाहीतर साध्या ठोकरीत तोच कपाळमोक्ष करेल. त्या पोटाखालच्या पट्ट्या मुळात पातळ. जॅक चुकीच्या जागी लावून लावून त्या चेपलेल्या नसतील अशी गाडी मला अजून भेटायची आहे. हिवाळ्यात वर बसवायचं टणक छप्परही मिळतं, वीसेक किलोचं. दोघांनी उचलायचं, एकट्याने उचलणाऱ्याच्या डिकीच्या झाकणावर त्याचा इतिहास लिहिलेला असतो.

टर्बोच्या विरोधात मी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडात ब्रॅकलीच्या बीबीआर या कंपनीने १५० अश्वशक्तीची टर्बो आवृत्ती काढली होती, आणि ती माझदाच्या इथल्या विक्रेत्यांकडे मिळे. पण तिकडे वळण्याआधी इंजिनातलं पाणी समजून घ्या. होय, पुन्हा पाणीच. हे इंजिन ज्या घराण्यातलं ते माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत आडवं बसायचं. इथे ते उभं बसवलं. गरम पाणी बाहेर पडायची वाट मागच्या टोकाला राहिली असती; ती पुढे आणली, कारण मागे पत्र्याची भिंत येते. परिणाम असा की पाणी पुढून शिरतं आणि पुढूनच निघतं. सर्वांत मागचा, चौथा सिलिंडर पंगतीत शेवटी बसलेल्या माणसासारखा असतो. वाढप त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर भांडं हलकं झालेलं. साध्या वापरात त्याचं काही बिघडत नाही. टर्बो लावला की बिघडतं. त्यासाठी पाण्याची वाट परत मागे नेण्याचा फेरफार करतात. तो आकृत्यांसह दिला आहे. १.६ लिटरच्या गाडीचा डिफरन्शियलही लहान अंगाचा. ताकद वाढवणाऱ्यांनी १.८ चा मोठा शोधावा.

बाकीच्या नेहमीच्या कामांना मी थोडक्यात उरकलं आहे, कारण ती खरंच सोपी आहेत. टायमिंग बेल्ट दर लाख किलोमीटरला, आणि त्यासोबत पाण्याचा पंप, एवढं उघडलंच आहे तर. रेडिएटरच्या काळ्या प्लास्टिकचा रंग तपकिरी व्हायला लागला की त्याचे दिवस भरले. क्लचच्या खालच्या सिलिंडरभोवती ओल दिसली की बदला. बॅटरी डिकीत असते, म्हणून तिला वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्या हव्यात. नाहीतर आम्लाची वाफ डिकीचा पत्रा खाते. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे आणि तिथली चावी सैल होऊ शकते. पुलीवर चार खाचा असतील तर ते आखूड नाक, आठ असतील तर निर्धास्त राहा. घेण्याआधी मोजा.

काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा, चिठ्ठी बांधून. यामागे भावना नाही, व्यवहार आहे. इंग्लंडात विमा कंपनीला बदललेली चाकंसुद्धा कळवावी लागतात. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला इथे वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण तिच्यात मूलभूत बदल झाले असतील तर नाही. पहिल्या एमएक्स-५ त्या वयाच्या जवळ आल्या आहेत. २०१७ साली खुद्द माझदाने जपानात या पिढीच्या गाड्या मूळ रूपात आणून देण्याची सेवा जाहीर केली आणि काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले. अगदी लाकडी स्टिअरिंग आणि त्या काळच्या वळणाचे टायरसुद्धा. आज ज्या वस्तू आपण भंगारात टाकतो त्या उद्या कोणी दाम मोजून शोधणार आहे.

शब्दांविषयी थोडं. हे पुस्तक मराठीत कशाला, असं इथल्या मंडळातल्या एका डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्याकडेही हीच गाडी आहे, लाल. मी त्यांना माझी वही दाखवली. ती मी मराठीतच लिहीत होतो, कारण गाडीखाली पाठीवर पडून डोळ्यांत गंज झडत असताना मनात जी भाषा येते तीच वहीत उतरते. गॅरेजने आधीच आपले केलेले शब्द मी तसेच ठेवले: गिअर, क्लच, बुश, बेअरिंग. पाना, आटे, पत्रा, लांबी आपल्याकडे होतेच. सॉफ्टटॉपला टप म्हणायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. रिक्षाचा आणि जीपचा टप म्हणतच वाढलो. सातारा-कोल्हापूर भागात ज्यांच्याकडे अजून कापडी टपाच्या जुन्या जीपा आहेत, त्यांनी गंजाचं प्रकरण वाचावं. त्यांच्या गाडीला वेगळी चौकट असते, त्यामुळे पिळाचं प्रकरण त्यांना लागू नाही, पण पाण्याला कंपनी कळत नाही. पन्हळ आणि उंबरा हे दोन शब्द बाबांचे. पुस्तकाचं हस्तलिखित त्यांनी वाचलं, शुद्धलेखनाच्या सव्वीस चुका काढल्या आणि टर्बोच्या प्रकरणाच्या समासात 'कशासाठी?' एवढंच लिहून परत पाठवलं. तो प्रश्न मी छापलेल्या पानातही ठेवला आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. टप अर्धा उचला, सीटमागच्या कोपऱ्यातलं भोक शोधा आणि त्यात तांब्याभर पाणी सावकाश ओता. मग गुडघ्यावर बसून मागच्या चाकापुढे, गाडीच्या पोटाखाली पाहा. धार दिसली तर दुसऱ्या बाजूला जा आणि तेच करा. नाही दिसली तर पान एकेचाळीस.